वर्गातलं नाटक, प्रेक्षकांशिवाय: नव्या शिक्षकांसाठी पायरीपायरीने

गॅदरिंगच्या नाटकात बोलणारी मुलं ठरलेली असतात. वर्गातली चारपाच चुणचुणीत, पाठांतर पक्कं असलेली. बाकीची झाडं होतात, मावळे होतात, नाहीतर पडदा ओढतात. पंधरा दिवस तालीम, एक संध्याकाळ टाळ्या, दुसऱ्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर फोटो. यात वाईट काही नाही. पण ‘कलेतून मुलांना माणसं कळतात’ हे जे आपण प्रशिक्षणात ऐकतो, ते या वाटेने फारसं घडत नाही. माणूस कळायचा तर त्याच्या जागी उभं राहून, तिथून काय करावं हे स्वतः ठरवावं लागतं. पाठ केलेल्या संवादात ते ठरवण्याचं काम लिहिणाऱ्याने आधीच उरकलेलं असतं.

हा लेख वर्गातल्या नाटकाबद्दल आहे. त्याला रंगमंच नाही, वेशभूषा नाही, प्रेक्षक नाहीत. चौथी ते सातवीच्या वर्गांसाठी तो जास्त उपयोगी आहे. नाटकाचा अनुभव नसलेल्या शिक्षकांनी बिचकू नये. किंबहुना अभिनय चांगला येणाऱ्या शिक्षकांना इथे थोडा त्रासच होतो, कारण ते मुलांना ‘असं नाही, असं म्हण’ सांगायला लागतात.

आधी काय लागतं

जागा: बाक भिंतीला लावले की पुरते. वर्ग अगदीच अरुंद असेल तर व्हरांडा किंवा झाडाखाली. वेळ: एक तासिका अपुरी पडते. मुलं रंगात आली की घंटा होते आणि अर्धवट सुटलेला प्रसंग मधल्या सुट्टीत भांडण बनून बाहेर पडतो. म्हणून जोडतासिका मागून घ्या. जिल्हा परिषदेच्या शाळांत ‘आनंददायी शनिवार’ आहे, तो यासाठी उत्तम. आठवड्यातून एकदा, पण खंड न पडता.

सामान: एक ओढणी, एक टोपी, एक रिकामी खुर्ची. बस्स.

मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा की या तासाला आवाज होणार आहे. न सांगता सुरुवात केलीत तर पहिल्याच दिवशी शेजारच्या वर्गाचे गुरुजी दारात उभे राहतील.

पायरी १: थांबण्याची खूण

सगळ्यात आधी मुलांना थांबायला शिकवा. खंजिरीची एक थाप किंवा दोन टाळ्या. ऐकू आल्या की जिथे आहात तिथे पुतळा. आपल्या मुलांना हे नव्याने शिकवावं लागत नाही, ‘स्टॅच्यू’ त्यांच्या रक्तात आहे. वर्गभर भरभर चालायचं, थाप पडली की थिजायचं, पुन्हा थाप पडली की चालायचं. चालताना कुणालाही धक्का लागू द्यायचा नाही, एवढा एकच नियम. दहा मिनिटं हे करा. खूण पक्की झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण पुढचं सगळं काम बरोबर ठिकाणी थांबवण्यावर उभं आहे.

पायरी २: आरसा

दोघंदोघं समोरासमोर. एक जण संथपणे हात, मान, चेहरा हलवतो; दुसरा त्याचा आरसा. दोन मिनिटांनी अदलाबदल. मग तिसरी फेरी: कोण हलवतंय आणि कोण आरसा आहे हे बाहेरून ओळखू येता कामा नये.

हा खेळ व्हायोला स्पोलिन यांच्या नाट्यखेळांपैकी आहे. शिकागोतल्या ‘हल हाउस’ या वस्तीकेंद्रात नीवा बॉइड यांच्या हाताखाली त्या शिकल्या आणि १९३०च्या दशकाच्या अखेरीस स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांसोबत काम करताना त्यांनी असे खेळ रचले. एकमेकांची भाषा न येणाऱ्या मुलांना एकत्र आणायचं, तर बोलण्याआधी बघणं आलं. आपल्याकडे याचा आणखी एक फायदा आहे. सहावी-सातवीतली मुलं-मुली एकमेकांचा हात धरायला तयार नसतात. आरशाच्या खेळात स्पर्शच नाही. त्यामुळे जोड्या लावताना ‘मुलगा-मुलगी नको’ हा हट्ट आपोआप सैल होतो. जोड्या तुम्ही लावा, मुलांवर सोडलंत तर तीच ती मैत्रीची कोंडाळी राहतात आणि मागच्या बाकावरचं मूल एकटं उरतं.

पहिले दोन-तीन आठवडे एवढंच. घाई नको.

पायरी ३: न हलणारं चित्र

पाचसहा जणांचे गट करा. प्रत्येक गटाला रोजचा एक प्रसंग द्या: मध्यान्ह भोजनाची पंगत, नळावरची रांग, एसटीत चढण्याची गर्दी, क्रिकेटसाठी संघ निवडणं. गटाने तो प्रसंग पुतळ्यांतून दाखवायचा. आवाज नाही, हालचाल नाही.

आता बाकीच्या वर्गाला दोन प्रश्न विचारायचे, आणि त्यांचा क्रम चुकवायचा नाही. पहिला: काय दिसतंय? दुसरा: काय वाटतंय?

मुलं पहिल्याच प्रश्नाला ‘तो रागावलाय’ म्हणतील. अडवा. राग दिसत नाही. दिसतंय काय? ‘त्याने हाताची घडी घातलीय, मान वळवलीय.’ बरं, मग यावरून काय काय असू शकेल? कुणी म्हणेल राग, कुणी म्हणेल थंडी वाजतेय, कुणी म्हणेल त्याला संघात घेतलं नाही म्हणून तोंड लपवतोय. (‘हाताची घडी, तोंडावर बोट’ म्हणत वाढलेल्या मुलांना ती घडी शिस्तीचीही वाटते. ऐकून घ्या.) एकाच घडीचे चार अर्थ निघतात हे मुलांनी स्वतः काढून पाहिलं की मोठं काम झालं. भांडणं बहुतेकदा इथेच सुरू होतात. दिसलेलं आणि ठरवून टाकलेलं यातली फट कुणी पाहतच नाही.

यानंतर ‘मनातलं’ घ्या. तुम्ही पुतळ्याच्या डोक्यावर, स्पर्श न करता, हात धरायचा. त्या पुतळ्याने त्या क्षणी मनात चाललेलं एक वाक्य बोलायचं. एकच. रांगेत सगळ्यात मागे उभी असलेली मुलगी म्हणते, ‘माझ्यापर्यंत पाणी पुरेल का?’ पुढचा म्हणतो, ‘मागून ढकलतंय कोण?’ वर्ग शांत होतो. मुलांना अभिनयाचं ओझं वाटत नाही, कारण करायचं काहीच नसतं, नुसतं उभं राहायचं असतं. लाजरी मुलं इथे पहिल्यांदा बोलतात.

पायरी ४: गोष्ट निवडताना एक पाऊल लांब

आता खरी गोष्ट. मी एक उदाहरण घेऊन पुढच्या पायऱ्या सांगतो.

कोल्हापूर-सांगलीकडच्या गावात दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू होतो. बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, शेताच्या कडेला त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात. त्यातली अकरा वर्षांची मंगल शाळेत येऊन बसते. मंगल आपण रचलेली. ती ‘का’ऐवजी ‘कामून’ म्हणते. गुरुजींनी काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं आणि वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून ती बोलेनाशी झाली. एवढीच गोष्ट. शेवट सांगायचा नाही.

वर्गात टोळीवरची मुलं असतील तर मात्र ही गोष्ट घेऊ नका. ज्या मुलाचं दुःख आहे, त्याच्याच वर्गात ते उघडं मांडणं म्हणजे त्याला चौकात उभं करणं. गोष्ट एक पाऊल लांब न्या. गावात सर्कस आलीय. सर्कशीतल्या कुटुंबातला मुलगा काही आठवड्यांसाठी शाळेत आलाय, त्याची बोली वेगळी आहे, त्याचे आईवडील रात्री काम करतात. धागा तोच, पण कुणाच्या घराकडे बोट नाही. टोळीवरच्या मुलालाच मग त्या सर्कशीतल्या मुलाविषयी सगळ्यांत जास्त माहिती असते, आणि ती माहिती तो स्वतःची न म्हणता देऊ शकतो.

पात्रांची नावं वर्गात कुणाचीही नसावीत. आडनाव तर देऊच नका; आपल्याकडे आडनाव आलं की पाठोपाठ जात येते.

पायरी ५: रिकामी खुर्ची

खुर्चीत एक जण गोष्टीतलं पात्र होऊन बसतो आणि वर्ग त्याला प्रश्न विचारतो. सगळे नवे शिक्षक इथे मंगलला खुर्चीत बसवतात. तिला प्रश्न विचारले जातात, ती रडवेली उत्तरं देते, मुलं हळहळतात, तास संपतो. मुलांना दया आली, आपल्याला समाधान. माझ्या मते हा तास वाया गेला. दया सोपी असते आणि दया करणारा स्वतःला त्या गोष्टीच्या बाहेर ठेवतो. ‘बिचारी’ म्हणणाऱ्या मुलाला आपणही हसणाऱ्यांत असू शकतो हे कळतच नाही.

खुर्चीत हसणाऱ्याला बसवा. पहिला हसला त्याला. त्यानंतर त्याच्या शेजारच्याला, जो हसला कारण तो हसला. आणि शेवटी त्या मुलीला जी हसली नाही, पण खाली मान घालून वहीत रेघोट्या मारत बसली.

पहिल्यांदा खुर्चीत तुम्हीच बसा. टोपी घाला, ‘आता मी गुरुजी नाही, मी पहिला हसलेला संतू’ असं स्पष्ट सांगा आणि बसा. शिक्षकाने स्वतः भूमिकेत शिरायची ही पद्धत इंग्लंडच्या डोरोथी हीथकोट यांनी रुजवली. चौदाव्या वर्षी शाळा सोडून यॉर्कशायरच्या लोकरगिरणीत काम केलेल्या या बाई पुढे न्यूकॅसलच्या विद्यापीठात शिक्षकांना शिकवत होत्या. शिक्षक भूमिकेत गेला की वर्गातलं पारडं फिरतं. नेहमी उत्तरं माहीत असणारा माणूस अडखळत सफाई देतोय आणि प्रश्न मुलांच्या हातात आहेत. अभिनय नको. साधं बोला, आणि खरं बोला: संतू दुष्ट नाही, हे तुमच्या उत्तरांतून दिसलं पाहिजे. दुष्ट संतू वर्गाला फार आवडतो, कारण त्याला शिव्या देता येतात.

मुलांचे पहिले प्रश्न पोलिसी असतात. ‘का हसलास?’ ‘लाज नाही वाटली?’ ‘सॉरी का नाही म्हणालास?’ दोनचार उत्तरं तशीच द्या, मग थांबवून मुलांना गटात प्रश्न तयार करायला सांगा. अट एकच: ज्या प्रश्नात उत्तर आधीच दडलेलं आहे तो प्रश्न बाद. मग असले प्रश्न येतात:

हसलास तेव्हा तू कुणाकडे बघत होतास?

तू हसला नसतास तर शेजारचा तुला काय म्हणाला असता?

तुला कधी कुणी हसलंय का? तेव्हा तू काय केलंस?

घरी गेल्यावर हे कुणाला सांगितलंस का?

पहिल्या प्रश्नाने बरंच उलगडतं. संतू मंगलकडे बघून हसत नव्हता. तो मागच्या बाकावरच्या मोठ्या पोरांकडे बघून हसत होता.

पायरी ६: प्रसंग थांबवायचा आणि बदलून पाहायचा

आता प्रसंग उभा करा. गुरुजी प्रश्न विचारतात, मंगल उत्तर देते, वर्ग हसतो, मंगल बसते. एक-दीड मिनिटाचा खेळ. एकदा पूर्ण दाखवा. मग पुन्हा सुरू करा आणि सांगा: कुणालाही वाटलं की इथे काही वेगळं करता आलं असतं, तर त्याने ‘थांबा’ म्हणायचं, पुढे यायचं आणि एका पात्राची जागा घेऊन ते करून दाखवायचं.

ही रीत ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांची. तिथल्या लष्करी राजवटीने १९७१ साली अटक केल्यानंतर त्यांना देश सोडावा लागला. १९७३ मध्ये पेरूमध्ये साक्षरतेच्या कामात असताना ते प्रेक्षकांकडून सूचना घेत आणि नट त्या करून दाखवत. नवऱ्याने फसवलेल्या बाईचा प्रसंग चालू होता. प्रेक्षकांतल्या एका बाईंनी सूचना केली, नटीने ती केली, पण बाईंना काही पटेना. पुन्हा केली, तरी नाही. शेवटी बोआल यांनी त्यांनाच वर बोलावलं, आणि बाईंनी ‘नवऱ्याशी स्पष्ट बोलणं’ म्हणजे काय ते सगळ्यांना दाखवलं. तेव्हापासून सूचना करणाऱ्याने स्वतः उभं राहायचं, असं ठरलं. भारतात पश्चिम बंगालच्या खेड्यांत, १९८०च्या दशकात सुरू झालेला ‘जन संस्कृती’ हा गट याच रीतीने काम करतो आहे.

बोआल यांच्या रीतीत ज्याच्यावर अन्याय होतो त्याची जागा घेतात. शाळेत मी ती फिरवतो. मंगलची जागा घेऊन ‘मी गप्प बसणार नाही!’ म्हणणं सोपं आहे, आणि त्यातून नकळत असा अर्थ निघतो की सगळी जबाबदारी मंगलचीच. म्हणून बघ्यांची जागा घ्यायला सांगा: शेजारी, रेघोट्या मारणारी, फळ्यापाशी उभा असलेला मॉनिटर.

दोन गोष्टी हमखास घडतात. एक: कुणीतरी गुरुजींची जागा घेतं, छडी उगारतं आणि सगळ्यांना उठाबशा काढायला लावतं. वर्ग खूश. नाही म्हणू नका, होऊ द्या. मग म्हणा, शाळा सुटली, मंगल रस्त्याने घरी चाललीय आणि शिक्षा झालेली पोरं मागे आहेत. पुढचा प्रसंग करा. तो उपाय कुठवर पुरतो ते मुलांना तिथेच दिसतं. दोन: एखादं मूल संतूला एकाएकी देवमाणूस करून टाकतं. त्यावर नियम आहे, ‘जादू नको’. संतू आत्तापर्यंत जसा होता तसाच राहील. तरी तो कशाने थांबला असता, ते शोधा.

चारपाच प्रयत्न पुरेत. कुठला बरोबर, हे तुम्ही सांगू नका. मुलं विचारतील, ‘गुरुजी, बरोबर उत्तर काय?’ त्यांना सवय तीच आहे. एवढंच विचारा: यातलं कुठलं आपल्या वर्गात उद्या खरंच कुणी करेल? आणि कुठलं करणार नाही, का? तात्पर्य फळ्यावर लिहिलंत की मुलं तेच वहीत उतरवून घेतील आणि विचार करणं बंद करतील.

पायरी ७: भूमिका उतरवणं

ही पायरी वेळेअभावी गाळली जाते, आणि मग संतू झालेल्या मुलाला वर्ग आठवडाभर संतूच म्हणतो. म्हणून शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. भूमिका केलेल्या प्रत्येकाने टोपी किंवा ओढणी खुर्चीवर ठेवायची, अंग झटकायचं आणि मोठ्याने म्हणायचं: ‘मी संतू नाही, मी अमुक. संतू आणि माझ्यात एक फरक असा की…’ हसऱ्या आवाजात म्हणू द्या. त्यानंतर मुलं गोलात बसतात आणि ज्याला बोलायचं तो बोलतो.

लगेच चर्चा नको वाटली तर कागद द्या. एका कागदावर वर्ग कसा दिसतो ते गुरुजींच्या खुर्चीतून काढायचं, दुसऱ्यावर मंगल बसते तिथून. चित्र चांगलं येणं महत्त्वाचं नाही. मागच्या बाकावरून काढलेल्या चित्रात बहुतेकदा नुसत्या पाठी असतात, फळ्याचा एक कोपरा आणि दार. मुलं ते न सांगता काढतात. ज्यांना लिहायला आवडतं त्यांनी मंगलच्या आईने गावाकडच्या आजीला केलेला फोन लिहावा. मंगल आईला शाळेतलं सांगते की लपवते, हे प्रत्येक मूल वेगळं ठरवतं.

जिथे जपायचं

‘तुझ्या घरी असं होतं का?’ हा प्रश्न कधीही नको. कुणाला भाग घ्यायचा नसेल तर त्याला बघू द्या. बघणं हाही भाग आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळही मना केला आहे, आणि चारचौघांत मुलाला नको असलेली भूमिका करायला लावणं त्याच्या फार लांब नाही.

कधीकधी भूमिकेच्या आडून मूल स्वतःचं सांगून जातं. मारहाण, नको ते स्पर्श, बालविवाहाची बोलणी. त्या क्षणी नाटक हळूच दुसरीकडे वळवा, वर्गासमोर खणू नका. नंतर त्या मुलाशी शांतपणे बोला. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही: लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुख्याध्यापक, शाळेची सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची) आणि १०९८ ही बालमदतवाहिनी, यांची माहिती पहिल्या तासाआधीच हाताशी ठेवा.

नोंदी आणि ‘अभ्यासक्रम कधी पूर्ण होणार?’

आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदींत हे काम सहज बसतं. ‘अभिनय छान करतो’ असं मात्र लिहू नका. मूल दिसलेलं आणि वाटलेलं वेगळं सांगतं का? त्याचे प्रश्न बदलले का? आधी कधी ज्याच्याशी बोलत नव्हतं त्याच्यासोबत गटात काम करतं का? हे लिहा. पहिल्या दोन महिन्यांत नोंद करण्यासारखं थोडंच मिळेल.

कुणी पुरावा मागितला तर एक अभ्यास सांगता येतो. अमेरिकेत थॅलिया गोल्डस्टीन आणि एलन विनर यांनी २०१२ साली तो प्रसिद्ध केला. साधारण वर्षभर अभिनय शिकलेल्या मुलांची तुलना त्यांनी इतर कला शिकणाऱ्या मुलांशी केली. समानुभूतीच्या मोजमापात अभिनयवाली मुलं पुढे गेलेली दिसली. वर्षभर, हे लक्षात घ्या. एका कार्यशाळेत असलं काही होत नाही.

अभ्यासक्रमाची चिंता असेल तर धडे हाताशी आहेतच. परिसर अभ्यासातली पाणीवाटप, इतिहासातला एखादा निर्णय, मराठीच्या पुस्तकातली कुठलीही गोष्ट. जिथे दोन माणसांना एकच गोष्ट वेगवेगळी दिसते तिथे खुर्ची ठेवता येते. गणितात ओढूनताणून आणू नका.

मुख्याध्यापक म्हणतील, ‘हेच गॅदरिंगला बसवा’

म्हणणारच, कारण एव्हाना मुलं मोकळी बोलायला लागलेली असतात. बसवलंत तर पहिल्याच तालमीत संवाद पक्के होतील, संतूचं काम उंच आवाजाच्या मुलाकडे जाईल आणि उत्स्फूर्त काहीच उरणार नाही. त्याऐवजी पालकसभेच्या दिवशी पालकांना वर्गात गोलात बसवा. मुलांनी एक-दीड मिनिटाचा प्रसंग करावा, थाप पडावी, आणि मुलांनीच पालकांना विचारावं: इथे कुणाची जागा घ्याल? पहिला पालक उठायला वेळ लागतो. तोवर मुलांना पुतळ्यासारखं उभं राहता येतं. ते त्यांना पहिल्या आठवड्यापासून येतंय.